हेळवण्यातल्या चौदा बाटल्या

"हॅलो, कंट्रोल रूम का? मी आशा वर्कर येलूबाई शेडगे बोलतेय, कुंभेरीतनं. सर्पदंश हाय."

"बोला ताई. पेशंटचं नाव?" पाटोळे सिस्टरांनी पेन उचललं.

"येलूबाई शेडगे."

"तुमचं लिहिलं मी. पेशंटचं सांगा, पेशंटचं."

"मलाच चावलंय, ताई."

पाटोळे सिस्टरांचं पेन थांबलं. मी शेजारीच लॅपटॉप घेऊन बसले होते, माझेही हात थांबले. फोन स्पीकरवर होता. सिस्टरांना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू यायचं नाही आणि उजव्या कानाशी त्या फोन धरायच्या नाहीत, कारण उजव्या हाताने लिहायचं असायचं. त्यामुळे आमच्या टेबलाशी बसणाऱ्याला सगळ्या जिल्ह्याची दुखणी ऐकावी लागत. मी तीन महिने ऐकत होते आणि अजून सरावले नव्हते.

"कुठे चावलं? कधी?"

"डाव्या हाताला. भाताचा पेंढा उचलाय गेले. दहा चाळीसला. घोणस व्हती, मी बघितलीया. हात हलवला न्हाई, पट्टी करकचून बांधली न्हाई, फळीवर ठेवलाय. सूज कुठवर आलीया त्याच्या पेनानं खुणा करतेय, वेळ घालून. ट्रेनिंगमधी सांगितलेलं तसंच."

ती हे सगळं अशा आवाजात सांगत होती की जणू दुसऱ्या कुणाचा हात आहे. मला मात्र घाम फुटला होता. मी लहानपणापासून भित्री. शाळेत दुसऱ्या कुणाला छडी बसली तरी हात मी मागे लपवायचे.

सिस्टरांनी मान वर करून समोरच्या पडद्यावर पाहिलं. भिंतभर मोठा पडदा, त्यावर जिल्ह्याचा नकाशा आणि प्रत्येक आरोग्य केंद्राचं एक खोकं. खोक्यात आकडा: सापाच्या लशीच्या किती बाटल्या आहेत. तो पडदा मी बनवला होता.

"हेळवण्याला जा, ताई. तुम्हाला तेच जवळ. चौदा बाटल्या दिसतायत तिथे."

पलीकडे कुणीतरी जीप सुरू करत होतं, त्याचा आवाज आला.

"हेळवण्याला?" येलूबाई म्हणाली. "ताई, तिथला फ्रीज बंद हाय की. गेल्या बुधवारी मी लसीकरणाला गेलेली. फार्मसिस्टची बदली झाल्यापासनं औषधं बघाय तिथं कोण न्हाईच."

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "मुजावर मॅडम, हे बरोबर आहे ना? हेळवण्याचं?"

मी माझ्या स्क्रीनवर पाहिलं. हेळवणे, चौदा. शेजारी वेळ होती: आज, सकाळी सहा वाजता.

"आज सकाळचा आकडा आहे," मी म्हणाले.

हे खरंच होतं. सकाळी सहा वाजताच तो आकडा तयार झाला होता.

"आज सकाळचं आहे हो, ताई," सिस्टर फोनवर म्हणाल्या.

"कम्प्युटरला दिसतंय तर आलं आसंल," येलूबाई म्हणाली. "बरं. दिराची जीप हाय, निघतो." आणि फोन बंद झाला. तेव्हा अकरा वाजायला दोन मिनिटं कमी होती.

जिल्ह्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. या गोष्टीला तेरा वर्षं झाली असली तरी त्या इमारतीत अजून माणसं नोकरी करतात. मी पुण्याच्या एका कंपनीची माणूस, जिल्ह्याच्या आरोग्य विभागासाठी माहितीचे पडदे उभे करायला तिथे पाठवलेली. पडदा सगळ्यांना दिसायचा. त्याच्या मागे मी आणखी एक अहवाल बनवला होता, तो कुणी कधी उघडत नसे. कंपनीत त्याला मेटाडेटा रिपोर्ट म्हणायचे. मी त्याला आकड्यांची वंशावळ म्हणायचे. राज्याच्या आकड्याच्या पोटात जिल्हा, जिल्ह्याच्या पोटात तालुका, तालुक्याच्या पोटात केंद्र, अशी उतरंड. कुठल्याही आकड्यावर बोट ठेवलं की तो कुठून आला, कुणी पाठवला, वाटेत कुठल्या नियमातून गेला, तो नियम कुणी लिहिला, आणि शेवटी तो कुणी आणि केव्हा उघडून पाहिला, सगळं समजायचं. आकड्याला तिथे खोटं बोलता येत नसे. मला या कामाचा फार अभिमान होता.

सिस्टर दुसरा फोन घ्यायला लागल्या. माझ्या डोक्यात मात्र येलूबाईचं एक वाक्य अडकून बसलं. फार्मसिस्टची बदली झाल्यापासून तिथे औषधं बघायला कुणी नाही. मग आज सकाळी आकडा पाठवला कुणी?

मी अहवाल उघडायला गेले, तेवढ्यात हॉलचं दार उघडलं आणि साठ्येसर पाहुण्यांना घेऊन आत आले.

उपेंद्र साठ्ये म्हणजे माझे वरिष्ठ. मागे मुंबईहून आलेल्या मोठ्या अधिकारी मॅडम, त्यांच्याबरोबर दोघं, आणि सगळ्यांत शेवटी आमच्या जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी डॉक्टर गुळवणी. त्या दिवशी ठरणार होतं की आमचा पडदा आणखी सहा जिल्ह्यांत लावायचा की नाही. साठ्येसरांनी नवा कोट शिवला होता. माझं काम लॅपटॉपवरून पडदा हलवण्याचं. ते म्हणतील "पुढे", की मी पुढचं दाखवायचं. भिंतीवर एक आणि माझ्यासमोर दुसरं असं वेगवेगळं उघडता येत होतं, एवढी सोय होती.

"या नकाशावर आपल्याला एकही रिकामं खोकं दिसणार नाही," साठ्येसर म्हणाले.

ते ऐकलं आणि मला आठवलं. खरं तर आठवलं म्हणणंही लबाडी आहे. विसरले कुठे होते? नुसती त्या बाजूला बघत नव्हते.

दोन महिन्यांपूर्वी डॉक्टर गुळवणींनी याच हॉलमध्ये आम्हाला फैलावर घेतलं होतं. निम्मी केंद्रं आकडे पाठवत नव्हती, त्यामुळे निम्मी खोकी रिकामी. "हा जिल्ह्याचा नकाशा आहे की दात पडलेल्या म्हाताऱ्याचं तोंड?" ते ओरडले होते. "मला रिकामी खोकी नकोत!" बाहेर जिन्यात साठ्येसर मला म्हणाले, "शमीम, सोपं आहे. तालुक्याच्या गोदामाचा आकडा तर रोज येतो ना? ज्या केंद्राचा येत नाही त्याला त्यातला वाटा देऊन टाक. बेरीज कुठे चुकायची नाही." आणि खरंच चुकली नव्हती. मोहाडे तालुक्याच्या गोदामात एकशेबारा बाटल्या, केंद्रं आठ, प्रत्येकी चौदा. खालून वर मोजा, वरून खाली मोजा, एकशेबाराच. त्या सगळ्या एकाच फ्रीजमध्ये होत्या, मोहाड्याच्या रुग्णालयात. पडद्यावर मात्र आठ गावांत होत्या. माझे अब्बा एसटी स्टँडवर नियंत्रक होते. गाडी आली नाही तर रजिस्टरात रकाना कोरा सोडायचा, मागच्या गाडीची वेळ तिथे टाकायची नाही, हे ते मला लहानपणी हसत सांगायचे. नियम लिहिताना मला ते आठवलं होतं आणि तरी मी तो लिहिला.

मी माझ्यासमोर वंशावळ उघडली. जिल्हा, मोहाडे, हेळवणे. बाण दोनदा चुकीच्या ओळीवर गेला. मग ओळ उघडली.

हेळवणे, चौदा. पाठवणारा: कुणी नाही. नियम: तालुक्याचा साठा भागिले केंद्रं. नियम लिहिणार: श. मुजावर. केंद्राने स्वतः पाठवलेला शेवटचा आकडा: शून्य, १९ ऑगस्ट.

शून्य. फार्मसिस्टने जाता जाता प्रामाणिकपणे शून्य कळवलं होतं, आणि त्यावर मी चौदा लिहिलं होतं.

घाटातून एक जीप चढत होती, तिच्यात एक बाई फळीवर हात ठेवून बसली होती, आणि ती जिथे चालली होती तिथे काहीच नव्हतं. आणि हे त्या क्षणी जगात मला एकटीला माहीत होतं.

फोन माझ्यापासून हातभर अंतरावर होता. त्यावर येलूबाईचा नंबर होता. पण हॉलमध्ये साठ्येसरांच्या भाषणाशिवाय दुसरा आवाज नव्हता. पाटोळे सिस्टरांना सांगावं, तर त्यांच्या कानाशी कुजबुजता येत नसे. त्यांना काही सांगायचं म्हणजे अख्ख्या हॉलला सांगायचं, आणि त्या उत्तर देणार तेही गावाला ऐकू जाईल असं. "काय? लस नाहीच तिथे?" असं त्या ओरडणार, मुंबईच्या मॅडम वळून बघणार, डॉक्टर गुळवणी बघणार, आणि मग कुणीतरी विचारणार की हा आकडा टाकला कुणी. हे सगळं मला घडून गेल्यासारखं दिसत होतं.

मी एक चिठ्ठी लिहिली. "हेळवण्याला लस नाही. सर्पदंशाची पेशंट तिकडे निघाली आहे. लगेच फोन करायला हवा." आणि उठून, पाणी द्यायला गेल्यासारखी, पेल्याबरोबर ती साठ्येसरांच्या हातात दिली.

त्यांनी वाचली. चेहऱ्यावरची एक रेषाही हलली नाही. चिठ्ठीची घडी करून त्यांनी नव्या कोटाच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "पुढे, शमीम."

मी जागेवर येऊन पुढे दाखवलं. पाहुणे तक्ता वाचत होते, तेवढ्यात ते माझ्या टेबलाशी आले, वाकले, आणि ओठ न हलवता म्हणाले, "घाट चढायला अर्धा तास लागतो. पाच मिनिटांत चहा आहे. यांना बाहेर नेतो, मग तू सावकाश फोन कर."

"सर, पण ती बाई..."

"झाकली मूठ सव्वा लाखाची. नियम तुझ्या नावावर आहे, माझ्या नाही. तू फक्त गप्प बस."

मी गप्प बसले.

साठ्येसरांवर सगळं ढकलता येईल. बरीच वर्षं मी मनातल्या मनात ढकललंही. पण त्यांनी माझे हात धरून ठेवले नव्हते. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत नव्हते, फोनकडेही नाही. मी टेबलाच्या कडेला कुणीतरी कर्कटकाने कोरलेलं एक नाव होतं त्याकडे बघत होते. "बबन". ते नाव अजून डोळ्यांपुढे आहे. माझी नोकरी जाईल, अब्बांना काय सांगू, पोलिस येतात का अशा वेळी, एवढंच डोक्यात फिरत होतं. आणि त्याच्या खाली, जरा लाजत, येलूबाई.

चहा आलाच नाही. मुंबईच्या मॅडमना पडदा आवडला होता. त्या उठून भिंतीजवळ गेल्या आणि नकाशाच्या पश्चिमेच्या कडेवर त्यांनी बोट ठेवलं. मला ते बोट कुठे जाणार हे आधीच कळलं होतं.

"हे अगदी घाटमाथ्यावरचं दिसतंय. हेळवणे. इतक्या आत, आणि इथेसुद्धा चौदा?" त्या कौतुकाने म्हणाल्या. "छान. हे खरंच छान काम आहे."

"तिथे काही नाही," मी म्हणाले.

मी उभी राहिले होते. कधी, ते मला समजलं नाही. आवाज माझा वाटत नव्हता.

"तिथे काही नाही, मॅडम. तो आकडा मी बनवलाय. फ्रीज बंद आहे. एक बाई तिकडे निघालीय, तिला फोन करा. सिस्टर, येलूबाईंना फोन करा! हेळवण्याला लस नाही!"

पाटोळे सिस्टरांनी पुढे एक शब्दही विचारला नाही. त्यांनी फोन ओढला आणि नंबर फिरवला. हॉलमध्ये सगळ्यांना ती बाई ऐकू आली, येलूबाई नाही, दुसरी, मशीनमधली: आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती सेवाक्षेत्राच्या बाहेर आहे.

त्यांनी पुन्हा फिरवला. पुन्हा. हेळवण्याच्या केंद्राचा लँडलाइन फोन लावला, तो वाजत राहिला, तिथली एकुलती नर्स वस्तीवर गेली असणार. मोहाड्याची रुग्णवाहिका मागितली, ती बाळंतीण घेऊन जिल्ह्याला आलेली. डॉक्टर गुळवणी "हे काय चाललंय" म्हणत टेबलापर्यंत आले आणि फोनचा आवाज ऐकून तिथेच थांबले. नंबर फिरवायचा, ती बाई बोलायची, बंद करायचं. मी मोजत होते. अकरा वेळा.

मग फोन आपणहून वाजला. हेळवण्याच्या केंद्राचा नंबर.

"ताई," येलूबाईचा आवाज आता जड झाला होता, जीभ सुजल्यासारखा. "ताई, फ्रीज बंदच हाय."

पाटोळे सिस्टर चाळीस वर्षं नर्स होत्या. त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा पाणी पाहिलं. पण आवाज ठणठणीत ठेवून त्या म्हणाल्या, "असू दे बाळ. मागे फिरा. मोहाड्याला जा. डॉक्टर लस घेऊन दारात उभे ठेवते. चालायचं नाही, दिराला उचलून ठेवायला सांग. झोपू नकोस."

"न्हाई झोपत," येलूबाई म्हणाली. "खुणा करायच्यात अजून."

ती मोहाड्याला साडेबारा वाजता पोचली. जगली. मूत्रपिंडं बंद पडली, पाच आठवडे डायलिसिस झालं, डाव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. पण जगली. सिस्टरांचा निरोप आला तेव्हा मी कंपनीच्या गेस्टहाउसच्या खोलीत दाराला कडी लावून बसले होते. आधी अल्लाचे आभार मानले. आणि लगेच, त्याच दमात, मनात आलं की आता कदाचित चौकशी होणार नाही. मी हे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

चौकशी झाली. तिघांची समिती. त्यांनी लशीच्या साठ्याचे अहवाल मागितले, फोनची यादी मागितली, आणि निष्कर्ष काढला की दुर्गम भागात संपर्क तुटल्यामुळे विलंब झाला; कर्मचाऱ्याने चूक लक्षात येताच कळवलं. तो कर्मचारी म्हणजे मी. मुंबईच्या मॅडमनी माझ्या प्रामाणिकपणाबद्दल दोन ओळी लिहिल्याचंही कानावर आलं. साठ्येसर मला भेटले तेव्हा म्हणाले, "बघ, निभावलं ना?" चिठ्ठीबद्दल ते बोलले नाहीत, मीही नाही. नियम मी त्याच संध्याकाळी काढून टाकला. नकाशात पुन्हा रिकामी खोकी दिसायला लागली आणि डॉक्टर गुळवणी त्याबद्दल कधीच काही बोलले नाहीत.

वंशावळ कुणी मागितली नाही. तसा अहवाल असतो हेच समितीला माहीत नव्हतं. न मागता द्यायला छाती लागते, ती माझ्याकडे नव्हती. पण त्यातलं एक पान मी छापून घेतलं होतं. ते कपड्यांच्या खाली, बॅगेत, तीन महिने पडून होतं. रात्री झोप लागेना, जेवण जाईना. कुणाच्याही फोनची रिंग वाजली की छातीत धडधडायचं. शेवटी जानेवारीत एका रविवारी मी कुंभेरीची एसटी पकडली.

सबंध रस्ताभर मला वाटत होतं, उतरावं आणि उलटी गाडी धरावी. तांबडा फाटा लागला. एक रस्ता वर घाटात हेळवण्याला जातो, एक खाली मोहाड्याला. वडाखाली एक टपरी होती. मी त्या फाट्याकडे नीट पाहिलं नाही.

येलूबाई अंगणात तांदूळ निवडत होती. चाळिशीची, काटक, डोक्यावर पदर. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. सूप ती मांडीवर टेकवून धरत होती.

"मी शमीम मुजावर," मी म्हणाले. "कंट्रोल रूममधली. ते चौदा मी लिहिलं होतं."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "पाटोळे ताई आलेल्या भेटाय. तुम्हीच मोठ्या सायबांफुडं वरडलासा म्हणं. बसा की."

ती माझे आभार मानणार होती. मला ते तिच्या तोंडावर दिसलं आणि मी घाईघाईने बॅगेतून कागद काढला, ती काही बोलायच्या आधी.

"ह्यात काय लिव्हलंय?" तिने विचारलं. "मला वाचता येतं, पर ह्ये इंग्रजी हाय."

मी वाचून दाखवलं. एवढी एकच ओळ होती. हेळवणे, चौदा, हा आकडा कुठून आला हे उघडून पाहणारा: श. मुजावर. वेळ: अकरा वाजून आठ मिनिटं.

"आणि मी ओरडले तेव्हा अकरा वाजून एकोणीस झाले होते," मी म्हणाले. "फोनच्या यादीत आहे. म्हणजे अकरा मिनिटं मला माहीत होतं. फोन शेजारी होता. मी केला नाही."

तिने सूप खाली ठेवलं. कागद घेतला, त्यातल्या आकड्यांवर बोट फिरवलं. मग उठून आत गेली. मला वाटलं आता दिराला बोलावणार. मला वाटलं मारतील, आणि खरं सांगते, जरा बरंही वाटलं. पण ती एक डायरी घेऊन आली, आशा वर्करांना देतात तसली, निळ्या पुठ्ठ्याची. पान उघडून माझ्यासमोर धरलं.

"हातावरल्या खुणा पुसायच्या आदी मी दवाखान्यात उतरून घेतल्या," ती म्हणाली. "परत ट्रेनिंगमधी दाखवाय व्हतील म्हणून."

पेनाने नीट लिहिलं होतं. दहा चाळीस, दंश. अकरा, मनगट. अकरा अकरा, मनगटाच्या वर चार बोटं, तांबडा फाटा. अकरा चौदा, कोपराच्या खाली, फाटा सोडला.

मी ती ओळ पुन्हा वाचली. मला तिच्याकडे बघवेना.

"तुमी भ्याला व्हता का?" तिने विचारलं.

"हो."

"मी बी," ती म्हणाली. तिने डायरीतल्या 'तांबडा फाटा'वर बोट ठेवलं. "फाट्यावर गाडी मीच थांबिवली. दीर म्हणाला, वैनी, कशाला थांबायचं, एक एक मिनिट म्हत्त्वाचं हाय. म्हणलं, जरा थांब. हितनं फुडं घाटात रेंज न्हाई. मी त्या ताईंना फ्रीजचं सांगितलंय, कोणतरी बघंल आन् फोन करंल. तीन मिनिटं फोन हातात धरून बसले. मग त्याला म्हणलं, फोन आला न्हाई म्हंजी लस हाय. चल, घे वर."